काजळी

दारू तोलताना कूलर बंद.
मे महिन्यात, नागपुरात, दुपारी अडीचला
ही अट घालायला माणूस बारापात्रेच पाहिजे.
झुळूक लागली की पारडं डोलतं,
पारडं डोललं की काका थांबतात,
मग आपणही थांबायचं
कपाळावरचा घाम कपाळावरच ठेवून.

काटा इतवारीतल्या सराफाकडचा.
त्यावर कधीकाळी कुणाच्या नथीचे मोती तोलले असतील.
आईला फोनवर म्हटलं, काका दारू मोजून देतात,
तर पलीकडून बराच वेळ
नुसत्या कुकरच्या शिट्ट्या.

अंबाझरीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं.
त्याआधी बाप गोळीबार चौकात हातमागावर,
लुगड्यांचे काठ विणत.
"काठ चुकला त उसवता येते,
हे नाही उसवत."

लायसन क्लबचं, रजिस्टर क्लबचं.
झाडलेली प्रत्येक पुंगळी मोजून परत येते,
धुतली जाते, स्टीलच्या ताटात वाळते,
शेजारच्या गच्चीवरच्या कुरडयांइतकीच निवांत.
तिच्या बुडाशी टिकली बसवताना काका श्वास धरतात.
तेव्हापासून मी आरशासमोरही
टिकली जरा जपूनच लावते.

तक्रार माझीच होती: धूर.
दुसऱ्या गोळीलाच टार्गेटवर पदर पडायचा.
चोवीस झाडल्या की चक्र अडखळायचं,
बोटं काळी, नाकात जळका वास,
रुमाल दोनदा धुऊनही मळकाच.

काकांनी नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला.
"दारूचा दोष नाही, पोरी.
तिले कोणी घट्ट धरलंच नाही.
सैल सोडली का अर्धीमुर्धी जळते
अन् उरलेली आपल्याच तोंडावर येते."

मग तीन आठवडे
एक वही, एक पेन्सिल.
आकडे मला दाखवले नाहीत.
"ज्याचा आकडा त्याच्याच बंदुकीपुरता.
उसना घेऊन बोटं गेलेले दोघं मले माहीत आहेत."
दर शनिवारी मांजरपाटाच्या तुकड्याने नळी पुसायची,
डाग तारखेनिशी जपायचा.
काळा.
राखी.
राखीहून फिका.

क्लबच्या दारातून कोराडीच्या चिमण्या दिसतात.
सून हर्षला डबा घेऊन येते, ती हसते:
कपडे टाकायच्या आधी रोज दोरी पुसते मी,
फडकं काळं निघते,
अन् आमचे मामंजी इथं चिमूटभर धूर कमी करून राहिले!
काकाही हसतात. पारडं डोलतं.
पुन्हा पहिल्यापासून.

एकदा विचारलंच मी,
काका, धुरासाठी एवढं?
ते बराच वेळ ताटातल्या पुंगळ्या
उगाच सरळ करत राहिले.

"धूर असला का गोळी कुठं लागली ते दिसत नाही.
मग माणूस मनानंच दहा धरून घेते.
चौतीस वर्षं आम्ही पेट्या भरून पाठवल्या.
कुठं लागल्या,
कोणी आम्हाले सांगितलं नाही.
आम्ही विचारलंबी नाही."

परवाच्या शनिवारी
हात लांब केला, श्वास अर्ध्यावर रोखला.
आवाज नेहमीचाच.
धूर मात्र विझलेल्या काडीएवढा,
तोही कानामागे निघून गेलेला.
समोर कागद, लख्ख,
आणि त्यात माझं भोक:
आठ. डावीकडे, खाली.
सबब सांगायला काही उरलंच नव्हतं.

"दिसलं न?"
हो काका.
त्यांनी दुर्बिणीला डोळासुद्धा लावला नाही.
फडक्यावर डाग शोधावा लागत होता,
त्याच्याखाली पेन्सिलीने तारीख घातली
आणि शेजारी, मी न सांगताच,
आठ.