तळाचं पाणी

कुष्टा, आधी पाणी नाही.
आधी कोरडं.
धूळ पाण्याला भेटली की चिखल होतो,
मग तू आणि मी चिखलच धूत बसू सांजेपर्यंत.
मशीन हळू ओढ, दाढी केल्यासारखं,
उभं एकदा, आडवं एकदा,
सोफ्याखाली हात घालून.

आता कोपरा. दाराआडचा, कुणाला न दिसणारा.
दोन थेंब औषध, वर पांढरं फडकं दाबून धर,
सावकाश तीस मोज.
फडक्याला रंग आला तर सामान उचलायचं,
बाईंना नमस्कार करून घरी जायचं.
नाही आला?
मग फवार.

दहा मिनिटं थांबायचं.
हेच पोरांना जमत नाही.
औषध तंतूंत उतरतं, चिकटलेलं तेल सोडवतं,
तोवर आपण भिंतीवरच्या तसबिरी बघायच्या:
बाईंचा नवरा, टोपीत, बार्जच्या नाळेवर उभा,
मागे झुआरी.
एर्मेलिंदाबाय आतून विचारते, चहा की कोकम?
खिडक्या बंद. वास्कोत या बाजूला
खिडक्या बंदच असतात.

ये आता. हा दांडा धर.
खटका दाबला की गरम पाणी सुटतं,
शेजारचं तोंड लगेच ते शोषून घेतं.
भिजवत एक फेरी,
मग खटका सोडून नुसतंच ओढ, दोनदा.
पाणी द्यायला कुणीही देतं रे,
परत घेता आलं पाहिजे.

टाकी बघ. काळी.
हा कोळसा, बंदरावरचा. या वर्षाचा, गेल्या वर्षाचा.
संडासात ओत, गटारात नाही.
दुसरी टाकी करडी.
तिसरी
थांब जरा.
तिसरी तांबडी.

"ही कुठली आणि?"
कुष्टा एकोणीस वर्षांचा.
डिचोलीच्या रस्त्यावर ट्रकमागे ट्रक लागायचे
तेव्हा हा पाटीवर अ गिरवत होता.
ताडपत्री नीट बांधायला तीन मिनिटं लागत.
फेरीवर पैसे मिळत.
तीन मिनिटं कुणाकडे होती?

बाई टाकीत डोकावते.
"सायबा! हे इतकी वर्षं माझ्या पायांखाली?"
"तळाला जातं, बाय," मी म्हणतो. "जड असतं."
ती तसबिरीकडे बघते, मग माझ्या बुटांकडे,
मग चहाचे कप उचलते.

पुढचं काम सोपं.
आंबट पाण्याची एक शेवटची फेरी,
साबण मागे राहिला तर उद्या तोच धूळ धरतो.
लव ब्रशने एका अंगाला वळव.
सोफ्याच्या पायांखाली चंदेरी कागदाचे तुकडे,
नाहीतर लाकूड रंग सोडतं.
पंखा जमिनीलगत, रात्रभर. इथल्या हवेत
काहीच आपसूक वाळत नाही.

फुटाला अठरा रुपये.
मी कधी कमी करत नाही, कुष्टाला माहीत आहे.
आज बाईंनी मोजून दिले,
त्यातले दोनशे मी परत ठेवले टेबलावर.

जिन्यात तो विचारतो, का?
"माप घेताना चुकलो होतो," मी म्हणतो,
"पाइप नीट गुंडाळ,
पीळ पडतोय."