सातवा रकाना

दिल्लीचा कागद आला तेव्हा
ठाण्यातला कूलर बंद होता.
मुंबईत त्याला एक आडवी सही लागली,
कमिशनर ऑफिसात दुसरी,
आणि मग तो माझ्या टेबलावर येऊन पडला:
हवालदार हेडाऊ, बीट क्रमांक तीन, सराफा ओळ, इतवारी.
परदेशी नागरिक शोधा. आठ दिवसांत.

कसे शोधायचे, ते कागदात नव्हतं.

चोर ओळखता येतो मला.
तो पोलिसाकडे बघत नाही, नाहीतर फारच बघतो.
पण सरहद्द माणसाच्या कुठल्या अंगाला असते?
बोलीवरून म्हणाल, तर बालाघाटचा मजूर अन् माझा साळा
दोघंही "जाऊन राहिलो" म्हणतात
आणि कुठेच जात नाहीत.

चढलो तिसऱ्या माळ्यावर.
फुंकणीच्या निळ्या जाळाशी बारा कारागीर,
पाठीला पाठ, गुडघ्यावर पत्र्याचं ताट.
नाव. बापाचं नाव. आल्याचं साल.
सातवा रकाना: जन्मस्थळाचा पुरावा.
खाली बारीक अक्षरात, आधार कार्ड चालणार नाही.

मोनिरुलनं जाळ विझवला.
माझ्या पोरीच्या बाळीला यानंच टाका मारला होता,
पैसे घेतले नव्हते,
मीही फार आग्रह केला नव्हता.
"खानाकूल, साहेब, जिल्हा हुगली.
पुरात पेटी गेली. कागद पेटीत होते."
मी लिहिलं: पुरावा नाही.
पूर लिहायला रकाना नव्हता.

रकान्यांशी आमच्या घराचं जुनं आहे.
धाकट्याला पन्नास सालाआधीचा दाखला मागितला होता.
आजोबाच्या दाखल्यावर कोष्टी निघालं, हलबा नाही.
तेवढ्या एका शब्दानं
वीस वर्षांची नोकरी अधिसंख्य झाली,
अकरा-अकरा महिन्यांच्या बोलीवर.
त्याच्याकडे जेवायला बसलो की
मी वर्दीबद्दल बोलत नाही, तो समितीबद्दल.
वहिनी भाजी वाढत राहते.

तरी फॉर्म मी भरलेच. बाराही.

आता हे सांगायला हवं
की त्याच्या आदल्या सोमवारी, रात्री दोनला,
याच ओळीत शटर वाकवलं गेलं.
पहारेकरी शेषराव बारापात्रे
डोक्यात रॉड बसून मेयोत पडला आहे, अजून बोलत नाही.
वरच्या खिडकीतून गाडी एकानंच पाहिली.
तोच सकाळी आपणहून ठाण्यात आला होता:
"एमएच एकोणपन्नास. शेवटी चार, सात.
पहिले दोन आठवून सांगतो, हवालदारसाब."
चहा पिऊन गेला.

सरहद्द नको, असं माझं म्हणणं नाही.
घर म्हटलं की दाराला कडी आलीच.
पण कडी लावणारा
आणि हाकेला धावणारा
एकाच खाकीत फिरायला लागला
की आधी हाका बंद होतात.
हे मी साहेबांना म्हणालो नाही.
साहेब म्हणाले असते, हेडाऊ, तुला रिटायर व्हायला किती राहिले?

नवव्या दिवशी जबाब घ्यायला गेलो.
माळा मोकळा. खिडकी उघडी.
बारा जणांच्या बसण्याचे
फरशीवर बारा गुळगुळीत डाग.
खाली नालीशी झारेकरी बसला होता,
टोपल्यात सराफ्याचा गाळ हलवत,
रवा रवा सोनं वेगळं काढत.
"गेले जी सगळे. रात्रीच्या हावड्यानं.
कचरा बी झाडून नेला, मले काहीच नाही ठेवलं."

संध्याकाळी अहवाल पाठवला.
परदेशी नागरिक आढळले: निरंक.
तो वर गेला,
नागपूरहून मुंबई, मुंबईहून दिल्ली,
प्रत्येक टेबलावर समाधानकारक.

मेयोच्या जिन्यात शेषरावची बायको बसते,
मांडीवर डबा, डब्यावर हात.
"काहून हो, लागला का गाडीचा पत्ता?"

चार, सात, मी म्हणतो.
ती मान हलवते, उरलेल्या आकड्यांची वाट बघत.