बटण

मानकापूरच्या सिग्नलला गाडी आपोआप गप्प होते.
पेट्रोल वाचतं म्हणे,
शोरूमच्या पोरानं दोनदा समजावलं होतं.

बाबा दचकतात.
"बंद पडली बे! शालिक, उतर, धक्का मार!"
आणि स्वतःच दाराची कडी चाचपतात,
पट्ट्यात अडकलेले.

शालिक त्यांचा क्लीनर.
मॅटाडोर, उमरेड रोड, भिवापुरी मिरचीची पोती,
सेल्फ कधीच न लागणारा.
चहाला थांबले तरी इंजिन धडधडतच ठेवायचे.
मी जन्मायच्या आधीच शालिक
कुठल्याशा गावाला निघून गेला.

सिग्नलचे एकशे चाळीस सेकंद.
मागून हॉर्न नाही, काही नाही,
फक्त बाबांचा हात कडीवर.

स्टिअरिंगच्या डावीकडे एक बटण आहे,
गोल बाणात कोंबलेला ए.
दाबलं की इंजिन बंद होत नाही.
पण आजचं सांगितलेलं उद्या विसरते गाडी,
तिलाही रोज नव्यानं सांगावं लागतं.

म्हणून फाटकातून निघायच्या आतच दाबते,
आरसा नीट करण्याआधी.
एवढंसं पेट्रोल जाईना का.

शेहेचाळीस डिग्री आहे, बाप्पा,
डांबर चपलेला चिकटतंय.
अशात कुठं खाली उतरवायचं
शालिकला?