सात नंबरचं मशीन

भाषा सोर्समधून बांधायची, तर आधी चौकशी होते.
कंपायलर आहे का? आहे.
चालतो का? चालतो.
आसपास सगळं शुद्धीवर आहे का?
इथे सात नंबर अडतं आणि म्हणतं,
आत्ता जन्मलेली फाइल
जुन्या फायलींहून जुनी आहे.

दांडिया बाजारातली आमची लॅब, वरचा मजला,
खाली पापडवाल्याचं गोडाऊन.
झंखना दोन दिवस पाथ तपासत होती.
फोल्डरच्या नावातली मोकळी जागा काढली,
लायब्रऱ्या उतरवल्या, पुसल्या, पुन्हा उतरवल्या,
मग खुर्ची मागे ढकलून म्हणाली,
मॅडम, मला नाही फावत.

मी मशीनला नुसती तारीख विचारली.
एक जानेवारी दोन हजार दोन.
रोज सकाळी स्विच दाबला की
ते तिथेच उठत होतं.

आतला सेल मेलेला, शर्टाच्या बटणाएवढा.
तो रुमालात बांधून रावपुऱ्यात गेले.
ताहेरभाई घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून
कुणाचं तरी मनगट उघडून बसलेले.
शेमां नाखवानो छे, बेन?
म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये. दोन हजार दोनमध्ये अडकलाय.
नवा सेल चिमट्यात तसाच राहिला.
कयो महिनो?
जानेवारी. एक तारीख.
तो तो, ते म्हणाले, एने हजी बधुं बाकी छे.
भिंग काही काढलं नाही त्यांनी.
वीस रुपये घेतले, सुटे मोजून दिले.
जुना सेल मी परत मागितला नाही,
त्यांनीही दिला नाही.

वर्ष थेट लिहिता येत नव्हतं.
प्लसची कळ दाबायची, एकेक पुढे.
झंखना मोठ्याने मोजत होती,
तिचं जन्मवर्ष आलं तेव्हा हसली, हात वर केला.
मी महिना मुद्दाम शेवटी ठेवला होता.

मग चौकशी पुन्हा पहिल्यापासून.
आहे का, आहे. चालतो का, चालतो.
शुद्धीवर आहे का?
कर्सर जरा थांबला.
हो.

एक लायब्ररी सापडलीच नाही, रंगीत अक्षरांची.
तिच्यावाचून बांधकाम पुढे गेलं.
तासभर पंखा घरघरत राहिला,
जिन्यातून उडदाच्या पिठाचा, हिंगाचा वास,
आणि पडद्यावरून ओळी इतक्या भराभर
की वाचायचा प्रयत्न दोघींनी सोडला.

साडेसातला ती तयार झाली.
झंखना म्हणाली, पहिलं काय लिहू?
म्हटलं, बेरीज कर
कसलीतरी लहानशी.