डावा बूट

दुइलिओ मास्तरांच्या डाव्या गुडघ्यात
मार्चमध्ये धातूची वाटी बसली
आणि लायसन्सवर एक आकडा चढला : अठ्ठ्याहत्तर.
म्हणजे यापुढे फक्त ऑटोमॅटिक.

"एकेचाळीस वर्षं," ते म्हणाले,
"त्रिएस्तेच्या पोरांना मी चढ शिकवले.
आता मला कोण शिकवणार?"

मी. ओंदिना.
त्यांची सगळ्यांत ढ विद्यार्थिनी,
आता त्यांच्याच स्कूलमध्ये, त्यांच्याच खुर्चीवर.

सत्त्याऐंशी साल. खडूच्या रंगाची फियाट.
बोरा वारा सुटलेला,
पोस्टाजवळ माणसं दोराला धरून चालत होती.
कार्स्टकडे चढणाऱ्या त्या गल्लीत
मास्तरांनी आपली टोपी काढून
मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर ठेवली,
उडू नये म्हणून काठावर एक दगड.
"आता निघ."

तीन टोप्या चिरडल्या मी.
चौथी माझ्या वडिलांची होती.

"कानाने नको, तळव्याने ऐक.
गाडी नाक किंचित वर करते,
बशीचा आवाज आल्यावर मांजर करतं तसं.
तिथंच थांब.
सोडायचं नाही, धरायचंही नाही."

त्या हाफ क्लचवर
मी पुढे आईचं शेवटचं वर्ष काढलं,
लिव्हिओबरोबरची आठ काढली.
(नंतर सोडला. झटक्याने. गाडी बंद.)

तर आज सकाळी.
नवी गाडी, आवाज नाही, पायाशी दोनच पेडल.
डावा पाय क्लच शोधत गेला,
अंधारात चप्पल शोधावी तसा,
आणि सापडला त्याला ब्रेक.
पट्ट्याने आम्हाला दोघांनाही मागं खेचलं.
पाववाल्याची व्हॅन कर्कश्श ओरडली.
पुन्हा तेच. पुन्हा.

चाळीसच्या पुढे त्यांचा उजवा तळवा फुरफुरला :
"आता तिसरा."
"पडला, मास्तर."
"कधी?"
"मघाशीच."
"परस्पर?
वडीलधारं माणूस गाडीत असताना?"

मी म्हटलं, डावा बूट काढा.
सर्जनकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.
राखाडी मोजा, अंगठ्याशी रफू केलेला.
बूट मागच्या सीटवर ठेवला,
नीट, एखाद्या प्रवाशासारखा.
"जन्मभर दोन्ही पायांना एकच पगार दिला,
आता असं डावं-उजवं," ते पुटपुटले.
पण मोज्यातला पाय गप्प राहिला.

मग ती गल्ली आली.
त्यांनी मला उतरायला लावलं,
टोपी हातात दिली : "वीतभर."
दगड नको, आज वारा नव्हता.

ब्रेकवरचा पाय उचलला.
गाडी जागची हलली नाही.
कुणीतरी मागून हात लावून उभं असावं
तशी एक क्षण थांबली,
दोन क्षण,
मग चढली. गुरगुर नाही, थरथर नाही.

मी टोपी उचलली. धूळसुद्धा लागली नव्हती.

आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले,
"मग यात शिकवतेस काय तू?"
खूप विचार केला मी.
"पार्किंग," म्हटलं.

घर समोरच, म्हणून ते मोज्यावरच गेले,
काठी टेकत, टोपी न घालता, हातात धरून.
पायरीपाशी थांबले.
डाव्या पायाने हवेत काहीतरी दाबलं,
उजव्या हाताने काठी जरा पुढे ढकलली,
आणि पहिल्यात घेतल्यासारखे चढले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मातेय आला,
वय एकोणीस, पहिलाच धडा.
"मागच्या सीटवर हा बूट कुणाचा?"
"क्लचचा."

तो हसला नाही. ऐकून घेतलं,
आरसा आपल्या उंचीला लावला,
आणि डावा पाय वर दुमडून
अर्धी मांडी घालून बसला.