ताशी आठ

जत सोडलं तेव्हा सव्वासहा वाजले होते
आणि बाभळी सरळ उभ्या होत्या.
आठच्या सुमारास एकेक करत
त्या माझ्याकडे झुकायला लागल्या.

कमलाक्षी जतलाच थांबली. गुडघा, म्हणाली.
मी गुडघ्याकडे पाहिलं नाही.

आषाढातलं इथलं वारं पाऊस आणत नाही.
ढग वरून निघून जातात,
रिकाम्या एसटीनं हात केला तरी न थांबता जावं तसे.
खाली मी, सायकल, मागच्या दोन पिशव्या,
आणि एका पिशवीचा सुटलेला पट्टा,
जो दिवसभर फडफडत
एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

नकाशात हा रस्ता सपाट आहे.
नकाशा काढणाऱ्यानं वारं धरलेलं नाही.
चढावर मी कुरकुर करत नाही, चढ दिसतो तरी.
पण नागजच्या अलीकडे एक उतार लागला
आणि उतारावर मला पायडल मारावं लागलं.
ह्याचा मात्र राग आला.
तो उतार माझा होता,
कालच्या घामाचा जमा झालेला.

मीटर म्हणतो ताशी आठ.
सोलापुरात मेथीची जुडी आणायला
मी याहून जोरात जाते.

पहिला तासभर वाऱ्याला शिव्या दिल्या,
माहेरच्या, सासरच्या, पॉवरलूममध्ये शिकलेल्या.
दुसऱ्या तासाला त्या परत तोंडात यायला लागल्या
धुळीसकट.

कडब्यानं भरलेला पिकअप शेजारून गेला
तेव्हा दहा-बारा सेकंद जगात वारं नव्हतं.
चेनचा आवाज आला. माझ्या श्वासाचा आला.
कुठेतरी होला घुमत होता, तोही सकाळपासून असणार.
मग पिकअप पुढे गेला
आणि कुणी तोंडावर दार आपटावं तसं
सगळं परत.

समोरून एक पोरगा आला,
हँडलला दुधाच्या दोन किटल्या,
पाय स्थिर, हात सैल, शीळ घालत.
त्याला आज वारं आहे हे माहीतच नसावं.
मीही गेले असेन अशी कितीतरी वर्षं,
पाठीवरच्या वाऱ्याला
स्वतःचे पाय समजत.

ढालगावच्या बाजूला पठारावर पवनचक्क्या.
सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, माझ्यासारखीच,
फक्त त्यांना कुठे जायचं नाही.

बेदाण्याच्या रिकाम्या शेडच्या आडोशाला
मायाप्पा कोळेकर बसला होता,
चक्क्यांवरचा वॉचमन, रात्रपाळी संपवून.
हिरवी जाळी त्याच्या डोक्यावर हापटत होती.
त्यानं बाटली पुढे केली.
‘आज वारं झ्याक हाय,’ म्हणाला.
मी त्याच्याकडे बघतच राहिले.
‘कुठनं?’
‘सोलापूर.’
‘आन् निगालाय कुठं?’
‘देवगड. समुद्रापर्यंत.’
त्यानं जरा वेळ पश्चिमेकडे पाहिलं.
‘मग ह्ये तिकडनंच आलंय की, बाई.
तुमास्नी घ्यायला.’

फार छान बोलला.
पुढच्या दोन किलोमीटरांत
त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो खाली बघण्याचा.
पुढचं चाक, आणि चाकापुढचा हातभर डांबर.
त्या पांढऱ्या दगडापर्यंत. ठीक.
त्या एकट्या चपलेपर्यंत. ठीक.
म्हैस बांधलीये तिथपर्यंत, म्हैस हलली नाही तर.
कवठेमहांकाळ एकवीस होतं, मग एकोणीस,
मग बराच वेळ एकोणीसच.
मध्ये कधीतरी शिव्या थांबल्या होत्या.
समजूतदारपणा नव्हे, नुसती धाप.

पोचले तेव्हा दिवे लागले होते,
आणि अर्थातच वारं पडलं होतं,
एक पान हलत नव्हतं, साळसूदपणे.
लॉजवरच्या पोरानं खोली उघडली,
पिशव्या आत ठेवल्या,
माझ्या चेहऱ्यावरची माती पाहिली
आणि बटणावर बोट ठेवून विचारलं,
‘मॅडम, पंखा लावू?’