कोमाचा ट्रॅक

अपघात शुक्रवारच्या भागात झाला.
गाडी दाखवली नाही, तेवढं बजेट नव्हतं.
काच फुटल्याचा आवाज, माझी किंकाळी,
आणि रस्त्यावर घरंगळत गेलेली पूजेची थाळी.
तेव्हापासून मढच्या एका भाड्याच्या बंगल्यात
वरच्या मजल्यावर मी कोमात आहे.
सकाळी नऊ ते रात्री नऊ.

लेखकाने फोन करून सॉरी म्हटलं.
त्याला काय सांगू, बाबा रे,
अकरा वर्षांत पहिल्यांदाच
कुणीतरी मला आडवी हो म्हणालं.

वर्सोव्याच्या धक्क्यावरून पावणेआठची बोट.
स्कूटरी, बर्फाच्या लाद्या, रिकाम्या पाट्या,
आणि मी, केसांना तेल, डोळ्यांवर गॉगल.
पाटीवाल्या मावशी तरीही ओळखतात.
"ती दुसरी बाय तुजा कपाट उघरून बसलीय गो!"
मी म्हणते, बघते.
"बघतंस काय, पैले डोले उघर!"

कंटिन्युइटी फ्लाविया बघते, मनोरीची पोरगी.
तिच्या वहीत माझा सगळा हिशेब:
सलाइन निम्म्याच्या वर बोटभर,
बँडेजवरचा डाग उजवीकडे, आठ आण्याएवढा,
डाव्या हातात हिरव्या बांगड्या सात,
आठवी अपघातात फुटली.

घरी असं कुणी लिहून ठेवत नाही,
मी निघाले तेव्हा पातेल्यात दूध किती होतं,
हेरंबशी भांडण कुठल्या वाक्यावर थांबलं,
तेव्हा आवाज चढा होता की पडेल.
रात्री परत येऊन अंदाजानेच सीन पकडते.
बहुतेक वेळा चुकीचा.

डोळे मिटले की बाकीचं सगळं उघडतं.
पायाशी मुलगा झालेला नट रडत असतो, दीड पान,
(वयाने माझ्याहून चारच वर्षांनी लहान)
आणि मी आतल्या आत:
सिलिंडर लावायचाय,
आईंच्या गुडघ्याचा एक्स-रे रिक्षात राहिला की काय,
शनिवारी ओपन हाउस, कॉल टाइम नेमका तोच.
एकदा खरंच झोप लागली.
दिग्दर्शक कानाशी येऊन म्हणाला,
ताई, कोमातली माणसं घोरत नाहीत.

आज सकाळी चार्वीने वेणी स्वतःच घातली.
मी कंगवा घेऊन गेले तर झालेली होती.
भांग वाकडा, मानेवर एक बट सुटलेली.
"जमलं ना मला?"
जमलं, म्हणाले,
आणि बोट चुकू नये म्हणून पळाले.

अडीच वाजता, क्लोज-अपमध्ये, ते आठवलं.
कॅमेरा जवळ येत राहिला, कुणी कट म्हणेना.
मग टाळ्या. मग चॅनेलच्या बाईंचा फोन,
ग्लिसरीनशिवाय? प्रोमोला घ्या, प्रोमोला घ्या!
फ्लावियाने वहीत लिहिलं:
डावा डोळा, एक थेंब, कानाच्या पाळीपर्यंत.
उद्या तिथूनच पुढे घ्यायचंय.
उद्या ग्लिसरीन लागेल.

रात्री मी ओट्याशी कांदा चिरत होते,
बाहेर आई मालिका बघत होत्या, पदर डोळ्यांना.
"बिचारी," म्हणाल्या,
आणि त्याच दमात, "कुकर लावलास का गं?"

चार्वी झोपली होती, वेणी न सोडताच.
भांग सरळ करावा म्हणून हात नेला
आणि उशीवर नुसताच ठेवला.
तेलकट उशी. तिला वास येतो आता
मोठ्या मुलींसारखा.

आईंनी दिवा घालवता घालवता विचारलं,
"शुद्धीवर कधी येणार आहेस?"
येत्या गुरुवारी, म्हटलं. मग पुन्हा नाइट शिफ्ट.
त्या जरा वेळ गप्प राहिल्या.
"दोन दिवस पुढे ढकलता येईल का बघ,
पोळीवाली गावी चाललीय."